मागे राहणारीचा हिशेब

५८व्या वर्षी फंडाचे पैसे हातात येतात आणि घरात पहिला प्रश्न निघतो, "एवढ्यात आपलं भागेल ना?" तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो तो निवृत्त होणारा माणूस. त्याचा पगार थांबला, त्याची पेन्शन सुरू झाली, त्याच्या गोळ्या, त्याचा विमा. पण आपल्याकडे बहुतेक घरांत नवरा बायकोपेक्षा चार-सहा वर्षांनी मोठा असतो, आणि बायका सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त जगतात. म्हणजे आज त्याच्या नावाने ज्या पैशांची मांडणी चालली आहे, त्यावर शेवटची आठ-दहा वर्षं तिला एकटीला काढायची आहेत. त्या वेळी तिची स्वतःची पेन्शन नसते, बँकेचे व्यवहार कधी पाहिलेले नसतात आणि दुखणी मात्र वाढलेली असतात.

म्हणून या प्रकरणात निवृत्तीनंतरचं उत्पन्न, सरकारी योजना आणि आजारपणाचा खर्च या तिन्हींना आपण एकच प्रश्न विचारणार आहोत: दोघांतलं जे मागे राहील त्याला हे शेवटपर्यंत पुरेल का? काही घरांत मागे राहणारा तो असेल. हिशेबाची रीत बदलत नाही.

किती वर्षांचा प्रश्न आहे?

नवरा ५८ वर्षांचा आणि बायको ५२ वर्षांची, असं जोडपं घेऊ. ती ८५ वर्षांपर्यंत जगली तर पैसा ३३ वर्षं पुरायला हवा. नवऱ्याची सगळी नोकरी ३० वर्षांची असेल, तर निवृत्तीचा काळ नोकरीपेक्षा मोठा झाला. हे वाक्य एकदा कागदावर लिहून पाहावं. "आता काय, उरली किती वर्षं" असं म्हणत सगळी पुंजी पाच वर्षांच्या ठेवीत टाकणारे लोक हीच गोष्ट विसरतात.

दुसरी गोष्ट महागाईची. ७२ या आकड्याला महागाईच्या दराने भागलं की किमती किती वर्षांत दुप्पट होतात ते कळतं. दर ६ टक्के धरला तर १२ वर्षं. आज या जोडप्याचा घरखर्च महिना २५,००० रुपये असेल, तर तो ७०व्या वर्षी तसाच चालवायला ५०,००० लागतील आणि नवऱ्याच्या ८२व्या वर्षी एक लाख. तेव्हा ती ७६ वर्षांची असेल. खर्च एकट्या माणसाचा झाला म्हणून निम्मा होत नाही. घराचा मेंटेनन्स, विजेचं बिल, गॅस, कामाला येणाऱ्या बाईंचा पगार हे एकटीलाही जवळजवळ तेवढंच पडतं.

फंडाची पेन्शन प्रत्यक्षात किती?

आपलं जोडपं भोसरीतल्या एखाद्या इंजिनिअरिंग कारखान्यातलं समजू. नवरा जानेवारी १९९६ मध्ये कामाला लागला आणि ३० वर्षांनी निवृत्त झाला. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ३०,००० रुपये. ग्रॅच्युइटीचा हिशेब सोपा आहे: शेवटच्या पगाराला १५ने गुणायचं, २६ने भागायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. ती येते सुमारे ५ लाख १९ हजार. भविष्य निर्वाह निधीचे साधारण २५ लाख जमले असं धरू. एकूण पुंजी ३० लाख.

पेन्शनच्या बाबतीत मात्र कामगारांची मोठी निराशा होते. १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेली कर्मचारी पेन्शन योजना, म्हणजे लोकांच्या तोंडची ईपीएस-९५, एका सूत्रावर चालते: पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. यातली अडचण 'धरलेला पगार' ही आहे. प्रत्यक्ष पगार ३०,००० असला तरी योजना सप्टेंबर २०१४ पासून जास्तीत जास्त १५,००० रुपये धरते आणि त्याआधीच्या नोकरीसाठी फक्त ६,५००. आपल्या कामगाराची आधीची १८ वर्षं ८ महिने ६,५००च्या हिशेबाने सुमारे १,७३० रुपये देतात आणि नंतरची ११ वर्षं ४ महिने १५,०००च्या हिशेबाने सुमारे २,४३०. नोकरी २० वर्षांहून जास्त झाल्याबद्दल दोन वर्षांची वाढ मिळते. ती धरूनही पेन्शन साडेचार हजारांच्या आसपास थांबते.

ही रक्कम महागाईशी जोडलेली नाही. आज साडेचार हजार, बारा वर्षांनी साडेचार हजार. पेन्शनधारक गेल्यावर बायकोला निम्मी मिळते, म्हणजे सव्वादोन हजार, आणि तीही तेवढीच राहते. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे. या पेन्शनीसाठी बुलढाण्यात वृद्ध कामगारांनी वर्षानुवर्षं साखळी उपोषण केलं. किमान ७,५०० रुपये आणि त्यावर महागाई भत्ता ही त्यांची मागणी आहे. तीस वर्षं यंत्रावर उभं राहिलेल्या माणसाची पेन्शन दर वर्षी आतून झिजत जावी, हे कोणत्याही समाजाला शोभणारं नाही. पण मागणी मान्य होईपर्यंत घरातला हिशेब साडेचार हजारांवरच करावा लागेल.

पेन्शन कधी सुरू करायची यावरही बरंच ठरतं. ५०व्या वर्षापासून ती घेता येते, पण ५८ला जितकी वर्षं कमी असतील त्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात होते. कपात कायमची असते आणि बायकोच्या निम्म्या हिश्श्यातही उतरते. नोकरी सुटली म्हणून घाईने पेन्शनचा १०-डी फॉर्म भरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. उलट, ६०पर्यंत थांबलं तर वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. साडेचार हजारांवर दोन वर्षांची वाढ साधारण ३६० रुपये. त्यासाठी सोडून दिलेली दोन वर्षांची पेन्शन १ लाख ८ हजार. ती भरून निघायला ३०० महिने, म्हणजे २५ वर्षं लागतात. या कामगाराने ५८लाच पेन्शन सुरू केलेली बरी.

१०-डी फॉर्मवर नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो. तो फॉर्म भरताना तिचं नाव, जन्मतारीख आणि आधार कार्डावरचं स्पेलिंग तंतोतंत जुळतंय का ते पाहावं. माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर, हा घोळ नवरा हयात असताना दुरुस्त करणं सोपं असतं. तो गेल्यावर तिला त्यासाठी मुलांच्या रजा बघत बसावं लागतं. जानेवारी २०२५ पासून ही पेन्शन देशातल्या कोणत्याही बँकेच्या शाखेतून घेता येते, त्यामुळे निवृत्तीनंतर गावी राहायला गेलेल्यांना खातं हलवण्याची कटकट उरलेली नाही.

तीस लाखांचा मोह

आता हातातल्या ३० लाखांकडे वळू. पोस्टातली आणि बँकांतली ज्येष्ठ नागरिक बचत योजना एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के व्याज देते. तेव्हापासून तिची मर्यादाही १५ लाखांवरून ३० लाखांवर गेली. खातं एरवी ६०व्या वर्षी उघडतं. पण ५५ ते ६० या वयात निवृत्त झालेल्याला, निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत, तेवढ्या रकमेपर्यंत ते उघडता येतं.

सगळे ३० लाख तिथे ठेवले तर तीन महिन्यांनी ६१,५०० रुपये येतात, म्हणजे महिना २०,५००. त्यात पेन्शनचे साडेचार हजार मिळवले की बरोबर २५,०००. आजचा घरखर्चही तेवढाच. हिशेब असा जुळला की घरात सगळे निर्धास्त होतात, आणि चूक होते ती इथेच. हे २५,००० वाढणार नाहीत. पहिल्याच वर्षानंतर खर्च पुढे जायला लागेल, दुसऱ्याच वर्षापासून मुद्दलाला हात लागेल आणि मुद्दल कमी झालं की व्याजही घटेल. शिवाय खातं पाच वर्षांचं असतं. तेवढ्या काळापुरता दर पक्का, पुढच्या वेळी जो असेल तो. २०२० ते २०२२ या काळात हाच दर ७.४ टक्के होता. त्या दराने ३० लाखांवर महिना १८,५०० पडतात.

म्हणून पुंजीचे तीन भाग करावेत. आपल्या जोडप्यासाठी एक विभागणी अशी होऊ शकते:

पहिला भाग १८ लाखांचा, ज्येष्ठ नागरिक योजनेत. महिना १२,३०० रुपये. खातं दोघांच्या नावाने उघडावं. संयुक्त खात्यात जोडीदाराला वयाची अट नाही आणि पहिला खातेदार गेला तर, जोडीदार तेव्हा योजनेच्या अटींत बसत असेल तर, त्याला ते मुदतीपर्यंत पुढे चालवता येतं.

दुसरा भाग ४ लाखांचा, फक्त आजारपणासाठी, दोघांच्या नावाच्या बचत खात्यात आणि छोट्या-छोट्या मुदत ठेवींत. मुलीचं लग्न, मुलाची गाडी, गावच्या घराचे पत्रे यांपैकी कशासाठीही तो मोडायचा नाही.

तिसरा भाग ८ लाखांचा, तिच्या नावाने, दहा-बारा वर्षं हात न लावायचा. यातले काही पैसे तिच्या पीपीएफ खात्यात दर वर्षी दीड लाखापर्यंत भरता येतात. काही रक्कम एखाद्या साध्या, कमी खर्चाच्या म्युच्युअल फंडात टप्प्याटप्प्याने घालता येते. बाजार खालीवर होतो, त्यामुळे इथे हमी नाही. पण वेळ हाताशी आहे. हे ८ लाख सरासरी ८ टक्क्यांनी वाढले तर बारा वर्षांत २० लाख होतात. किमती दुप्पट झालेल्या त्या काळात हाच पैसा घर सावरेल.

या मांडणीत महिन्याला मिळतात १६,८०० आणि खर्च आहे २५,०००. उरलेले ८,२०० कुठून आणायचे? प्रामाणिक उत्तर असं की, ५८व्या वर्षी धडधाकट असलेल्या माणसाने आणखी पाच-सहा वर्षं थोडं तरी कमवावं. वर्कशॉपमध्ये नव्या पोरांना शिकवणं, हिशेब लिहिणं, दुकानात अर्धा दिवस बसणं. पूर्ण पगाराची गरज नाही, आठ-नऊ हजार पुरेत. ते शक्य नसेल तर खर्च कमी करावा, वरची खोली भाड्याने द्यावी, किंवा तिसऱ्या भागातून थोडं पहिल्यात आणावं. पण तिसरा भाग शून्यावर आणू नये. तो गेला की तिच्या सत्तरीनंतरच्या आयुष्याला आधार उरत नाही.

जास्त व्याजाचा रस्ता

निवृत्तीची बातमी गल्लीत पसरायला वेळ लागत नाही. ओळखीचा माणूस येतो आणि सांगतो, अमुक पतसंस्थेत दोन-तीन टक्के जास्त मिळतात. इथे एक फरक माहीत असावा. बँकेतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२० पासून ते एका बँकेत एका ठेवीदारामागे, मुद्दल आणि व्याज मिळून, ५ लाखांपर्यंत आहे. पतसंस्थांच्या ठेवींना हे संरक्षण नाही. नागरी सहकारी बँका त्यात येतात, पण तिथेही ५ लाखांवरची रक्कम धोक्यात राहते. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये परवाना रद्द झाला. मधल्या नऊ वर्षांत अनेक पेन्शनरांचे पैसे अडकून पडले होते. २०१९ मध्ये पीएमसी बँकेच्या ठेवीदारांचीही हीच गत झाली. ५८नंतर बुडालेला पैसा पुन्हा कमवायला वेळ उरलेला नसतो. एका बँकेत एका नावाने ५ लाखांच्या आतच ठेवायचं, हा नियम काटेकोर पाळावा.

ज्यांच्याकडे फंडच नाही

सरकारी नोकरीत जुन्या पेन्शनीचे लोक बरेच सुरक्षित आहेत. पेन्शनीवर महागाई भत्ता मिळतो आणि मागे राहणाऱ्याला कुटुंब निवृत्तिवेतन. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना ही पेन्शन लागू नव्हती, आणि मार्च २०२३ चा संप त्याच प्रश्नावर झाला. केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून आणलेल्या एकीकृत योजनेत २५ वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन आणि मागे जोडीदाराला तिच्या ६० टक्के, अशी हमी आहे. पर्याय निवडताना या दुसऱ्या आकड्याकडे आधी पाहावं.

मोठा प्रश्न आहे तो शेतमजूर, रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बाया आणि छोटे दुकानदार यांचा. चाळिशीच्या आत असलेल्यांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेली अटल पेन्शन योजना आहे. ६०व्या वर्षापासून महिना ५,००० हवे असतील तर १८व्या वर्षी महिना २१० रुपये भरावे लागतात, ३०व्या वर्षी ५७७ आणि ४०व्या वर्षी १,४५४. आयकर भरणाऱ्यांना ऑक्टोबर २०२२ पासून ती घेता येत नाही. या योजनेचा एक गुण फारसा बोलला जात नाही: नवरा गेला तर बायकोला पेन्शन निम्मी न होता पूर्ण मिळते, आणि दोघांनंतर जमा रक्कम वारसाला. पण ३० वर्षांनी मिळणाऱ्या ५,००० रुपयांची किंमत, महागाई ६ टक्के धरली तर, आजच्या नऊशे रुपयांहूनही कमी भरते. ती आधार म्हणून घ्यावी, त्यावर सगळी भिस्त ठेवू नये. नवरा-बायकोने वेगवेगळी खाती उघडावीत.

साठी उलटलेल्या आणि हातात काहीच नसलेल्यांसाठी राज्याची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. वय ६५ पूर्ण असावं लागतं आणि मदत महिना १,५०० रुपये. त्याहून लहान वयाच्या विधवा, दिव्यांग आणि निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना. अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात करायचा. वयाचा पुरावा, रहिवास, उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेलं खातं लागतं. उत्पन्नाची अट कुटुंबाला वर्षाला २१,००० रुपये अशी आहे. दिवसाला ५८ रुपये होतात. एवढ्यात कोणतंही घर चालत नाही. त्यामुळे खरोखर गरजू असलेली कितीतरी म्हातारी माणसं दाखल्यापाशीच अडतात. ही अट बदलायला हवी, आणि ग्रामसभेपासून विधानसभेपर्यंत ती बदलण्याची मागणी व्हायला हवी. लाडकी बहीण योजनेचे पैसे घेणाऱ्या बाईने हेही ध्यानात ठेवावं की ती मदत ६५व्या वर्षापर्यंतच आहे. त्याच सुमारास श्रावणबाळचा अर्ज तयार ठेवावा.

आजारपण: दवाखान्यातलं आणि घरातलं

राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार २०२१-२२ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी सुमारे ३९ टक्के खर्च लोकांनी थेट खिशातून केला. म्हातारपणी हा खर्च तीन वाटांनी येतो, आणि आपण सगळी काळजी त्यातल्या एकाच वाटेची करतो.

पहिली वाट ॲडमिट होण्याची. यासाठी सरकारी आधार पूर्वीपेक्षा बराच वाढला आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. रेशन कार्डाचा रंग कोणताही असो, राज्यातल्या कुटुंबाला आता त्यात वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरलेले उपचार मिळतात. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न लावता, ५ लाखांचं छत्र आहे. त्यासाठी आधार कार्डावरून आयुष्मान वय वंदना कार्ड काढायचं, चौकशीचा क्रमांक १४५५५. आधीपासून असलेल्या दुखण्यांनाही ते पहिल्या दिवसापासून लागू आहे. आपल्या जोडप्यात नवऱ्याला ते बारा वर्षांनी मिळेल, तिला अठरा वर्षांनी. दोघं सत्तरीपार झाल्यावर ५ लाख दोघांत मिळून आहेत, प्रत्येकी नाहीत.

कार्ड असूनही लोक पैसे भरतात, कारण क्रम चुकतो. आपल्या भागातली अंगीकृत रुग्णालयं कोणती आणि तिथे कोणते उपचार योजनेतून होतात, हे तब्येत बरी असतानाच पाहून ठेवावं. ॲडमिट होताना आधी आरोग्यमित्राच्या टेबलाकडे जायचं, रेशन कार्ड आणि आधार दाखवायचं आणि उपचाराची पूर्वमंजुरी निघाली का ते विचारायचं. बिल झाल्यावर योजना लावून मिळत नाही.

राज्यात आणखी एक हक्क आहे. धर्मादाय न्यासांनी चालवलेल्या मोठ्या रुग्णालयांना, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार, १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. निर्धनांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार आहे. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जाऊन 'धर्मादाय खाट आहे का' असं स्पष्ट विचारावं.

खाजगी मेडिक्लेमचा विचार निवृत्तीच्या किमान दहा वर्षं आधी करायचा असतो. कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे नोकरीत असतानाच विचारावं. एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारांसाठी थांबायचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. पॉलिसी सलग पाच वर्षं चालली की फसवणूक वगळता माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. म्हणून शुगर, बीपी, जुनी शस्त्रक्रिया, सगळं फॉर्मवर लिहावं. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला आहे.

पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असेल तर ती ठळक अक्षरांत लिहून ठेवावी. समजा मर्यादा दिवसाला ५,००० आहे आणि ॲडमिट करताना गडबडीत ८,००० ची खोली घेतली. कंपनी फक्त खोलीचे ३,००० कापत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर अशा खोलीवर अवलंबून असलेल्या सगळ्या खर्चाचे ती आठातले पाचच भाग देते. असा खर्च २ लाख झाला असेल तर १ लाख २५ हजार मिळतात आणि ७५ हजार खिशातून जातात.

दुसरी वाट दर महिन्याची. शुगर-बीपीच्या गोळ्या, तपासण्या, चष्मा, कवळी, कानाचं यंत्र, डॉक्टरांची फी. यातलं जवळजवळ काहीच विम्यात किंवा योजनेत बसत नाही, आणि तीस वर्षांत हाच आकडा सगळ्यात मोठा होतो. तो घरखर्चात वेगळा लिहावा. जनऔषधी केंद्रातून गोळ्या घेतल्या तर बिल निम्म्याहून खाली येतं. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्यावं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. शुगर-बीपीची नियमित तपासणी तिथे करून घेण्यात कसलाही कमीपणा नाही.

तिसरी वाट सांभाळण्याची. पक्षाघात, मांडीचं हाड मोडणं, स्मृतिभ्रंश. दवाखान्याचं बिल विम्याने भरलं, पण घरी आल्यावर उठवणं, बसवणं, आंघोळ घालणं हे महिनोन्महिने चालतं. नवरा अंथरुणाला खिळला तर ते बायको करते आणि कुणी तिचा पगार धरत नाही. तिच्यावर तीच वेळ आली तर करणारं माणूस घरात उरलेलं नसतं आणि ब्युरोमधून बाई ठेवावी लागते. तिचा महिन्याचा पगार अनेकदा आधीच्या सगळ्या घरखर्चाएवढा असतो. हा खर्च सहसा विम्यात बसत नाही. त्या ८ लाखांना हात लावायचा नाही असा आग्रह वर धरला, त्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे.

घर तिच्या नावावर राहू द्या

नवरा गेल्यावर अनेक घरांत बारावं-तेरावं उरकलं की 'कागद करून टाकू' असा विषय निघतो आणि राहतं घर मुलांच्या नावावर चढतं. प्रेमाने केलेलं असलं तरी तिच्या हातातला शेवटचा आधार निघून जातो. घर दोघांच्या नावावर असावं आणि मृत्युपत्र करून ठेवावं. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांच्याही सह्या घेतल्या की ते कायद्याने चालतं. बक्षीसपत्र द्यायचंच असेल तर 'आयुष्यभर सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द त्यात हवेत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, अट मोडली तर ते रद्द करून घेता येतं. याच कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करून मुलांकडून निर्वाहभत्ताही मागता येतो. ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी १४५६७ आहे.

कोणत्या वयात काय

४५ ते ५०: दोघांचा स्वतंत्र आरोग्य विमा. तिच्या नावाने पीपीएफ. कर्जांचे हप्ते ५८च्या आत संपतील अशी आखणी.

५५: फंडाच्या खात्यातलं नाव, जन्मतारीख, नॉमिनेशन तपासणं. मागच्या कंपन्यांतली नोकरी जोडून घेणं, कारण पेन्शनसाठी किमान दहा वर्षं लागतात. एक वर्षभर घरखर्च लिहून काढणं.

५८: १०-डी फॉर्म, पुंजीचे तीन भाग, संयुक्त खाती. पहिले तीन महिने मोठा खर्च आणि मोठं दान दोन्ही टाळणं.

६० ते ६५: तिलाही ६० पूर्ण झाल्यावर स्वतःचं ज्येष्ठ नागरिक खातं. पात्र असल्यास श्रावणबाळची कागदपत्रं. मृत्युपत्र.

७०: वय वंदना कार्ड. तिसऱ्या भागातून हळूहळू पैसे काढायला सुरुवात.

दर वर्षी: हयातीचा दाखला. फंडाच्या पेन्शनरांसाठी तो दिल्यापासून बारा महिने चालतो आणि मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो.

या यादीतलं प्रत्येक काम दोघांनी मिळून करावं, आणि निदान काही कामं तिने एकटीने करून पाहावीत. पासबुकात एन्ट्री करून आणणं, एटीएममधून पैसे काढणं, पोस्टात जाऊन व्याज जमा झालं का विचारणं, विम्याचा हप्ता भरणं. पहिल्यांदा तिला वेळ लागेल, चुकेलही. चूक झाली तर सांगायला शेजारी तो असतानाच हे शिकून झालं पाहिजे. पैसा किती ठेवला याइतकंच, तो कुठे आहे आणि कसा काढायचा हे तिला ठाऊक आहे का, यावर या सगळ्या नियोजनाचं यश ठरतं.